शेजवळ सरांचं ‘आपण’

माझ्या वर्गात आणि शेजवळ सरांच्या वर्गात प्लायवूडची एक भिंत होती. भिंत आपली म्हणायची. पलीकडे सर जर्मन शिकवत, अलीकडे मी जर्मन शिकवत असे, आणि दोन्हीकडची मुलं सरांकडूनच शिकत. मी फळ्यावर एखादं लांबलचक वाक्य लिहून अर्थ विचारला की पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "घाई नको! क्रियापदाची वाट बघा!" आणि माझ्या वर्गातली सगळी तोंडं गपकन मिटायची. जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी येतं. सर सांगायचे, "माणूस बाजारात गेला, की जाणार होता, की पाय मोडून घरी बसला, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तोवर निर्णय घ्यायचा नाही. मराठीतही तसंच आहे, पण मराठीत धीर कोणाला आहे?"

बुटके, काळेसावळे, केसांना भरपूर तेल, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आमच्या भाषासंस्थेत इतर शिक्षक कॉफी पीत परदेशच्या गप्पा मारायचे, तेव्हा सर डब्यातलं पिठलं आणि भाकरी काढून खिडकीपाशी उभ्याने जेवायचे. उभ्याने का, असं मी एकदा विचारलं. "बसलो की झोप येते, पाठकबाई. आणि झोपेत मी व्याकरण चुकतो." हे ते इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले की हसावं की नाही ते मला कळेना.

दर सत्राच्या एका शनिवारी ते सगळ्या वर्गाला मंडईत घेऊन जात. मी राहते मंडईच्या मागेच, त्यामुळे हा तमाशा मला आयता बघायला मिळे. भाजीचं नाव जर्मनमध्ये घेतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम. जर्मनमध्ये नामाच्या आधी डेअर, डी, डास यांपैकी एक लावावं लागतं, तो पुरुष, ती बाई आणि ते नपुंसक. गाळ्यावरच्या यमुनाबाईंना हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. "ओ सर, वांगं डेअर का डास?" त्या ओरडायच्या.

"डी."

"वांगं बाई हाय? आन् लसूण?"

"लसूण डेअर. पुरुष."

"आन् बटाटा?"

"बटाटा बाई."

"आगं आई गं! कुणी ठरवलं ह्ये?"

"यमुनाबाई, मराठीत बटाटा पुरुष आणि मिरची बाई ज्यांनी ठरवलं ना, त्यांचेच हे चुलतभाऊ." यमुनाबाई एवढ्या हसायच्या की तागडीतली भेंडी खाली सांडायची. मुलं त्या दिवशी शिकलेले शब्द मरेपर्यंत विसरत नसत.

सरांचा फिरण्याचा छंदही असाच जगावेगळा. दर मे महिन्यात ते आणि त्यांची बायको सुशीलाताई, दोघं एस.टी.त बसून कुठल्यातरी आडगावी जायची. देऊळ नाही, समुद्र नाही, थंड हवा नाही. सर तिथल्या पारावर बसून लोकांचं बोलणं ऐकत. कुठे ‘आमी’ म्हणतात, कुठे ‘आपुन’, कुठे ‘आपल्याला’च्या जागी ‘आपुल्याला’. त्यांना एकाच शब्दाचं वेड होतं. ‘आपण’. परत आले की आम्हाला विचारायची गरज नसे, ते स्वतःच सुरू होत. सुशीलाताई मला एकदा म्हणाल्या, "लोक महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणतात. आमचे हे सर्वनामं आणतात."

संस्थेने त्यांना तरुणपणी एकदा जर्मनीला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंत? सर म्हणाले, "तिकडे ‘आपण’ नाही." म्हणजे काय ते आम्हाला कळेना. मग त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. त्यांच्याकडे आम्ही आणि आपण दोन्हींना मिळून एकच शब्द, ‘वीर’. "समोरचा आपल्यात धरलाय की वगळलाय, ते ऐकून कळतच नाही. सहा महिने ‘आपण’ न म्हणता काढले हो. तोंडाची चवच गेली होती. आपली भाषा काय सुंदर आहे बघा. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की दार बंद. ‘आपण जेवू’ म्हटलं की पाट मांडला."

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, आणि तेही बसथांब्यावर, पाच नंबरची की सहा नंबरची बस येते ते बघताना. ते येरवड्याच्या वस्तीत वाढलेले. वडील छापखान्यात कामाला, घर बौद्ध, घरात बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांचा ढीग. शाळा मात्र गावातली. वर्गातल्या एका मित्राबरोबर उन्हातून त्याच्या घरी आले. मित्र म्हणाला, चल, आपण आत जाऊन पाणी पिऊ. मित्राची आई दारात आली आणि म्हणाली, आम्ही कोणाला आत घेत नाही, इथंच थांब, आणते. "झालं," सर म्हणाले. "एका मिनिटात दोन सर्वनामं. एकाने आत नेलं, एकीने बाहेर काढलं. एवढं चोख व्याकरण मला पुढे कुठल्या प्राध्यापकानं शिकवलं नाही." बस आली आणि ते चढून गेले. मी आपली तिथेच उभी राहिले.

पुढे विश्रांतवाडीत त्यांनी फ्लॅट घेतला. तिथे मी बऱ्याचदा जायची. सर संध्याकाळी बुलबुलतरंग घेऊन बसत. ते वाजवायचा त्यांना भारी शौक होता आणि हात अजिबात नव्हता. सुशीलाताई पहिल्या सुरालाच स्वयंपाकघराचं दार लावून घेत. विहारातल्या कार्यक्रमात मात्र सरांना वाजवायला लावायचे, आणि लोक टाळ्याही वाजवायचे. "आदर हो, आदर," सुशीलाताई आतून म्हणायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल. बापाने त्याला लहानपणापासून जर्मन शिकवलं आणि त्याच जर्मनच्या जोरावर तो इंजिनिअर होऊन तिकडे गेला, तिकडचाच झाला. लग्न केलं ते मृदुलाशी. ती पुण्यातली, गावातल्या जुन्या घरातली. मुलगी गुणी, नीटनेटकी, आवाज कधी चढायचा नाही. सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून ‘आपण’ म्हणायची. "आपण चहा घेता ना? आपण बसा, मी आणते." सरांना कोण अप्रूप! "पाठकबाई, आमच्या वस्तीत बापाला पोरं अरे-तुरे करायची. माझी सून मला आपण म्हणते. एक ‘आपण’ सगळ्यांचं, एक स्वतःचं, आणि हे तिसरं, आदरार्थी. ते मला आयुष्यात पहिल्यांदा घरात ऐकायला मिळतंय."

सुशीलाताईंना मात्र ते खटकायचं. मला त्या म्हणाल्या होत्या, "ती मला पाहुणीसारखं बोलते. एकदा तरी ‘आई, तू सरक, मी करते’ म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं."

शेजारी बसलेले सर म्हणाले, "अगं, संस्कार आहेत तिच्यावर."

"असतील. पण संस्कारांशी भांडता येत नाही ना."

सुशीलाताई गेल्या आणि सरांचं घर एकदम मोठं झालं. निवृत्ती आधीच झाली होती. मे महिने आले आणि गेले, सर एस.टी. स्टँडकडे फिरकले नाहीत. मी चहाला गेले की ते तासभर बोलायचे आणि मग एकदम थांबून म्हणायचे, "आज सकाळपासून हे पहिलंच बोलणं." एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले. शेजाऱ्यांनी अमोलला फोन केला, आणि नाताळच्या सुट्टीत अमोल, मृदुला आणि सहा वर्षांची मीरा, तिघं आले.

ते परत निघण्याआधी सरांनी मला चहाला बोलावलं. आदल्या दिवशी अमोल आणि मृदुला दिवसभर बाहेर होते. नातेवाइकांकडे असतील, असं सरांना वाटलं होतं. चहा झाला, कप मृदुलानेच विसळले, पदराला नव्हे, नॅपकिनला हात पुसत बाहेर आली आणि सरांच्या समोर बसली. म्हणाली, "बाबा, आता आपण इथं एकटं राहायचं नाही. मार्च उजाडला की आपण तिकडेच राहायला जायचं. हवा छान आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. आम्ही सगळं बोलून ठेवलंय."

त्या घरात ‘तिकडे’ म्हणजे जर्मनी. गेली कित्येक वर्षं ‘तिकडे थंडी कशी आहे’, ‘तिकडे किती वाजले’ असंच चालायचं.  सर लगेच म्हणाले, "चालेल." अमोलने खिडकीकडे तोंड वळवून डोळे पुसले. मला वाटलं, सुटला बिचारा म्हातारा. मीही तेच ऐकलं होतं जे सरांनी ऐकलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने सरांइतका आनंदी माणूस पुण्यात नसेल. पासपोर्ट नवा करून घेतला. फोनवर अमोल ‘तयारी झाली का’ विचारायचा आणि सर ‘जोरात चालू आहे’ म्हणायचे. कोणाकोणाला विचारून पक्कं केलं की तिकडे नोकरी करणाऱ्यांना हल्ली आईवडिलांना नेता येतं. लोकरी कपडे घेतले, भर फेब्रुवारीच्या दुपारी माझ्यासमोर कानटोपी घालून बघितली. अमोलच्या गावातली जर्मन पुस्तकातल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून इंटरनेटवर ऐकून ऐकून ती बोली शिकायला बसले. "मीराच्या शाळेतल्या पोरांनी हसायला नको मला," म्हणाले. बुलबुलतरंग विहाराला दिलं. शब्दकोश मला दिले. संस्थेत निरोपाचा चहा झाला. मंडईत जाऊन यमुनाबाईंना सांगून आले, आता वांगं खऱ्या जर्मनांकडून घेणार. त्यांनी सरांना भरल्या वांग्यांसाठी काटेरी वांगी निवडून दिली आणि डोळ्याला पदर लावला.

मार्चमध्ये अमोल एकटाच आला. फ्लॅटची आवराआवर करायची होती, म्हणून मी मदतीला गेले होते. खोके भरून चालले होते. अमोल चिकटपट्टी लावत होता. सर कॉटवर बसून स्वेटरच्या घड्या घालत होते. घडी घालता घालताच त्यांनी विचारलं, "व्हिसाची तारीख मिळाली का रे?"

"कोणाच्या?"

"कोणाच्या काय? माझ्या."

अमोलने खाली ठेवली चिकटपट्टी. कॉटवरच्या कपड्यांकडे त्याचं लक्ष बहुतेक तेव्हाच गेलं. "बाबा," तो म्हणाला, "मृदुला बोलली होती ना तुमच्याशी? तुमच्यासमोरच तर ठरलं. तो टेकडीवरचा... ज्येष्ठांसाठीचा निवास. आम्ही दोघं जाऊन बघून आलो होतो."

"ती म्हणाली, आपण तिकडे राहायला जायचं."

"हो, म्हणजे तुम्ही. ती तुम्हाला आपण म्हणते ना, बाबा."

मी खोक्यात वर्तमानपत्र कोंबत होते, ते तसंच हातात राहिलं. सरांनी घडी घातलेला स्वेटर पुन्हा उलगडला. मग वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर अनपेक्षितपणे बरोबर यावं आणि ते मान्य करावं लागावं, तशा आवाजात म्हणाले, "हो, हो. बरोबर आहे. आदरार्थी."

अमोल वाईट मुलगा नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. तो सरांच्या पायापाशी बसला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला यायचं असेल तर मी बघतो काहीतरी. तिकडचं घर लहान आहे, मृदुलाचीही नोकरी, पण बघतो." सर म्हणाले, "नको रे. मी आपलं सहज विचारलं." आणि अमोलच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती आम्ही दोघांनी पाहिली. ती लपवण्याइतका तो लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं.

तो खाली टेम्पोवाल्याशी बोलायला गेला, तेव्हा सर मला म्हणाले, "चूक माझी आहे, पाठकबाई. तिचं वाक्य पुन्हा आठवून बघा. ‘आपण जायचं.’ क्रियापद अर्धवट आहे. ‘आपण जाणार आहोत’ म्हणाली असती तर आम्ही सगळे. ‘आपण जाणार आहात’ म्हणाली असती तर मी एकटा. एका अक्षराचा प्रश्न होता. ती बोलली नाही आणि मी थांबलो नाही." मग जरा वेळाने म्हणाले, "शिवाय ती ‘एकटं’ म्हणाली होती. ‘आपण एकटं राहायचं नाही.’ पाच माणसं बसलेल्या खोलीत एकटं कोण होतं? पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं." मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी फक्त एवढंच मागितलं, की मंडईत सांगू नका.

म्हणून मी सांगितलं नाही. यमुनाबाई अजून विचारतात, "सर कसे हायत तिकडं? थंडी लई आसंल." मी बरे आहेत म्हणते आणि कोथिंबीर न घेताच पुढे जाते. त्या मार्चपासून मला ‘आपण’ या शब्दाची चीड येते. बँकेत, दवाखान्यात, फोनवर कोणी गोड आवाजात ‘आपण जरा थांबता का’ म्हणालं, की माझं डोकं फिरतं. सरळ ‘ए बाई, थांब’ म्हणा. निदान कळेल तरी की आपल्याला बाहेर ठेवलंय.

टेकडीवरचा तो निवास तसा वाईट नव्हता. झाडं होती, फरश्या स्वच्छ होत्या, नर्स वेळेवर गोळ्या द्यायची. मी महिन्यातून एकदा दोन बस बदलून जायची. व्यवस्थापकांनी सरांना विचारलं होतं, इथल्या मंडळींना थोडं जर्मन शिकवाल का, वेळ जाईल. सर म्हणाले, "कशाला? कोणाशी बोलणार आहेत?" हे उद्धटपणे नव्हे, खरंच विचारलं होतं. शेजारच्या खोलीतले गृहस्थ ‘मी बोल्लो, मी सांगितलो’ असं बोलायचे. पूर्वीचे सर असते तर त्यांना ‘मी सांगितलं’ म्हणायला लावल्याशिवाय चहा पिऊ दिला नसता. आता ते नुसते ऐकत. मी आडून आडून विचारलं, तर म्हणाले, "इथं ‘जेवलात का’ आणि ‘पोट साफ झालं का’ एवढ्यावर भागतं, पाठकबाई. चार भाषा शिकलो. त्या सगळ्या आता कुठं ठेवायच्या, ते कळत नाही."  

मी शेवटची गेले तो रविवार होता. सर बाकावर बसले होते, खूप बारीक झाले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. मी संत्री नेली होती, ती सोलून देत होते. तेवढ्यात अमोलचा व्हिडिओ फोन आला. दोन शब्द बोलून त्याने फोन मीराच्या हातात दिला. मीराचं मराठी जेमतेम, त्यामुळे नात आणि आजोबा जर्मनमध्ये बोलायचे. मी जरा सरकून बसले, पण ऐकू येतच होतं.

मीराने विचारलं, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे राहायला येणार होतात ना? पुण्याच्या आजी म्हणाल्या होत्या."

म्हणजे मृदुलाच्या आईच्या कानावर कोणीतरी घातलं असावं. सरांनी संत्र्याची फोड खाली ठेवली.

"मी आईला विचारलं," मीरा म्हणाली, "तर आई काही बोललीच नाही. आईने तुम्हाला नको म्हटलं का?"

"छे, छे," सर म्हणाले. त्यांचं जर्मन तेव्हाही किती स्वच्छ होतं! एकेक शब्द जागच्या जागी, आणि अमोलच्या गावच्या बोलीत. "आईने मला बोलावलं होतं. दोनदा बोलावलं. मीच नको म्हणालो. मला इथं फार आवडतं."

"आमच्यापेक्षा जास्त आवडतं?"

"हो," सर म्हणाले.

 मीराने फोन बापाकडे दिला आणि ती निघून गेल्याचं आम्हाला दिसलं. अमोल काहीतरी हवापाण्याचं बोलला. फोन बंद झाल्यावर सर काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग मला मराठीत म्हणाले, "तिला त्याच घरात मोठं व्हायचंय. आईचा राग येऊन कसं चालेल? माझा आला तर चालेल. मी काय, लांब आहे."

जेवणाची घंटा झाली. मी उठले. सरांनी उरलेली संत्री माझ्याच पिशवीत परत घातली, आपलं ताट घेतलं आणि जाऊन रांगेत उभे राहिले.